पांढरी पाच

"बेल्ट सैल झालाय टेपचा," कोरे म्हणाला. "शमू एवढ्या खाली कधी वाजवायचा? चाचा, जरा आवळून बघा की."

मिरजेत दस्तगीरचाचांच्या दुकानात आम्ही चौघं एका जुन्या टेपरेकॉर्डरभोवती बसलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. भिंतीला तंबोऱ्याचे भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि चाचा नाकावर चष्मा ओढून त्या टेपच्या पोटात बघत होते. ही गोष्ट दोन हजार आठ सालची. शमुवेल सातपुते जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. एक्कावन्न वर्षांचा होता. सकाळी दाढी करता करता खाली बसला तो उठलाच नाही.

कॅसेट आणली होती त्याच्या बायकोनं, रूथवहिनींनी. त्या मिरजेतच नर्स होत्या. शमूच्या कपाटात कॅसेट सापडली, वर पेन्सिलनं 'नवीन चाल' एवढंच लिहिलेलं, सोबत वहीच्या कागदावर चार ओळी. वहिनींना गाण्यातलं काही कळत नव्हतं, तसं त्या स्वतःच सांगायच्या. त्यांनी ती कॅसेट कोरेला दिली, आणि कोरेनं सांगलीला माझ्या शाळेत येऊन मला उचलून आणलं. उचलून म्हणजे अगदी वर्गातून. सातवीच्या मुली समूहगीत म्हणत होत्या, तेवढ्यात हा दारात उभा. केस पांढरे, पोट सुटलेलं, पण उभं राहायची ऐट तीच, जणू गळ्यात अजून गिटार आहे.

"रविवारी शमूसाठी कार्यक्रम आहे," तो म्हणाला. "तू येणार. नाही म्हणू नकोस, पद्मा. मेलेल्या माणसावर राग धरत नाहीत."

मी शाळेची पेटी मिटली. मुलींना सुट्टी दिली आणि निघाले.

आता आमच्या 'फुफाट्या'बद्दल सांगायला हवं. पंचाऐंशी साली आम्ही पाच जणांनी हा बँड काढला. इलेक्ट्रिक गिटारीबरोबर संबळ, ड्रमबरोबर दिमडी, आणि गाणी सगळी आपल्या मातीतली, पण अशी वाजवलेली की कॉलेजची पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. नाव शमूनं ठेवलं. लोक विचारायचे, बँडचं असलं कसलं नाव? तो म्हणायचा, अनवाणी चालून बघा म्हणजे कळेल. कोरे गिटार वाजवायचा, मी गायची, दोघं ताल सांभाळायचे, आणि उरलेलं सगळं शमू. सगळं म्हणजे सगळं. मेंडोलिन, क्लॅरिनेट, पेटी, तुणतुणं, माउथ ऑर्गन. संबळवाला आजारी पडला तर संबळसुद्धा. एका गाण्यात तो तीन वाद्यं बदलायचा आणि बदलताना कधी घाई करायचा नाही. स्वयंपाकघरात बाई एक भांडं ठेवून दुसरं घेते तसं.

त्याच्या मातीला मी गेले होते, लांब फाटकाशी उभी होते. तिथं गंमतच झाली, म्हणजे गंमत म्हणवत नाही, पण झाली. चर्चमधली माणसं म्हणत होती, आमचा ऑर्गन वाजवणारा गेला. ब्रास बँडवाले गणवेशात आलेले. ते म्हणाले, आमचा क्लॅरिनेटवाला. दोन म्हातारे गोंधळी कपाळावर मळवट भरून आले, एकमेकांना विचारत होते की ही इतकी माणसं कुणाची, आपला तर संबळवाला गेला. प्रत्येकाला वाटत होतं हा फक्त आपलाच. आणि शमूनं कुणालाही कधी सांगितलं नव्हतं की मी आणखी काही वाजवतो. बोलायची फार हौस नव्हती त्याला. लागेल तेवढंच बोलायचा आणि तेही अर्धं.

त्याच अर्ध्या बोलण्यानं आमचा बँड मोडला. निदान मिरज-सांगलीकडची माणसं असंच सांगायची.

चौऱ्याण्णव सालची जयसिंगपूरची जत्रा. तीन हजार माणूस. आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं चालू होतं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी माझा आवाज वरच्या सुरावर फाटला. तिसऱ्या कडव्यात परत फाटला. शमू मेंडोलिन ठेवून क्लॅरिनेट घ्यायला माझ्या बाजूला आला आणि हळूच म्हणाला, "पद्मा, उतर." हळूच म्हणाला खरा, पण क्लॅरिनेटचा माईक चालू होता. सगळ्या मैदानानं ऐकलं. मागून कुणीतरी ओरडलं, "उतरा बाई, उतरा!" आणि लोक हसले. मी माईक खाली ठेवला आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून गेले. गाडीत कोरेनं विचारलं, "काय म्हणाला तो तुला?" मी म्हणाले, "माईकवरून अख्ख्या गावानं ऐकलं, तू ऐकलं नाहीस?" कोरे दुसऱ्या दिवशी शमूच्या घरी जाऊन भांडला. शमू एवढंच म्हणाला, "ती सांगेल ते खरं." कोरेला तो कबुलीजबाब वाटला. महिन्याभरात फुफाटा बंद. शमूनं पद्माला भर जत्रेत स्टेजवरून हाकललं, ही गोष्ट मग सगळीकडे झाली. कुणी म्हणालं, डोक्यात हवा गेली होती. कुणी म्हणालं, त्याला दुसरी गाणारी आणायची होती. मी पुन्हा कधी लोकांसमोर गायले नाही. शाळेत गाणं शिकवत राहिले. त्या गोष्टीला चौदा वर्षं झाली होती.

तर त्या सकाळी चाचांनी टेपचं झाकण लावलं आणि पुन्हा बटण दाबलं.

आधी खरखर. मग शमूचा आवाज, "हां, चालू. एक, दोन, तीन, चार." आणि मग मेंडोलिन, खाली तुणतुणं, दिमडी, पेटीचा भरणा, आणि जिथं गाणाऱ्याचा गळा यायचा तिथं क्लॅरिनेट. सगळा एकटाच. एका टेपवर वाजवून, ती चालू ठेवून दुसरीवर पुढचं वाद्य भरत भरत केलेलं. चार ओळींचे शब्द घागर-पाण्याचे, बाईच्या तोंडी शोभणारे होते, त्यामुळं हे गाणं कुणासाठी हे विचारायचं कारण नव्हतं.

उन्हात ठेवली घागर कोणी,
तापलं पाणी, निवेल का?
वाटेत ठेवलं बोलणं अर्धं,
कोणी ते पुरं करेल का?

"आता बघा," कोरे खूश होऊन म्हणाला. "आता आलं काळी पाचला. आता कसं पद्माचं वाटतंय."

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पेटीच्या ज्या पट्टीवर सा धरायचा, तिच्या नावानं गाणाऱ्याची पट्टी ओळखतात. माझी होती काळी पाच. बायकांतही उंचच. मी त्या पट्टीत गायची आणि मला त्याचा माज होता, आता खोटं कशाला बोलू. टेप मात्र बेल्ट आवळायच्या आधी पांढरी पाचला वाजत होती, म्हणजे तीन पट्ट्या खाली. तेवढ्यानं बाईच्या आवाजाचा सगळा पोतच बदलतो.

"कोण बोलतंय हे?" वहिनींनी विचारलं.

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पांढरी साडी.

"शमूच की, वहिनी," कोरे म्हणाला.

"हे एक दोन तीन चार कोण म्हणालं?"

"तोच."

"नाही," त्या म्हणाल्या. "आधी लावलेलं तेव्हा हे होते. आता कुणीतरी पोरगा बोलतोय. चाचा, पहिल्यासारखं करा ते."

"वहिनी, टेप जुनी आहे, ती हळू फिरते, म्हणून आवाज घोगरा..."

"कोरेभाऊजी, मला सूर कळत नाही. पण अठरा वर्षं हा माणूस मला सकाळी चहा झालाय म्हणून हाक मारत होता. तो आवाज मला कळतो."

चाचांनी कोरेकडे बघितलंही नाही. त्यांनी झाकण उघडलं, बेल्ट होता तसा केला आणि पुन्हा लावलं. "हां, चालू. एक, दोन..." वहिनींनी मान हलवली आणि पदर तोंडाला लावला. आवाज न करता रडल्या. आम्ही टेप बंद केली.

बेल्टमध्ये काही बिघाड नव्हताच. शमूनं चाल पांढरी पाचलाच बांधली होती.

"हे काही मला समजत नाही," कोरे म्हणाला. "पद्माचं गाणं आणि पांढरी पाच? शमू चुकेल? शमू झोपेत चुकायचा नाही." मग तो माझ्याकडे वळला. "हे बघ, मी सगळीकडे फिरलो. त्याच्या जागी माणसं बसवायची तर सात लागतात. सात मिळाले, पण सात जणांत मिळून एक शमू होत नाही. परवा तालीम घेतली, कालवाच झाला नुसता. म्हणून मी आणि चाचांनी ठरवलंय. रविवारी हीच टेप स्पीकरवर लावायची. वाजवेल तो, गाशील तू. फक्त बेल्ट आवळायचा. त्याचं ते एक दोन तीन चार कापून टाकू, मग वहिनींनाही त्रास नको."

"कापायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "आणि आवळायचंही नाही. ह्यांनी वाजवलंय तसंच वाजलं पाहिजे. नसेल जमत तर लावू नका."

"अहो, पण पद्मा पांढरी पाचला गायली तर लोक काय म्हणतील? आवाज गेला बाईचा म्हणतील. चौदा वर्षांनी उभी राहणार ती."

"मग ताईंनी गाऊ नये. मी जबरदस्ती करत नाही."

एवढं बोलून दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, मला विचार करू दे.

विचार काय करणार? माझी गोची त्या दोघांनाही माहीत नव्हती. काळी पाचला मला गाताच येत नव्हतं. चौदा वर्षांत माझा गळा एकेक पट्टी करत खाली आला होता आणि शाळेत मुलींना मी शिकवत होते ते पांढरी पाचला. अगदी तिथंच. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. घरातसुद्धा नाही. लोकांना वाटायचं, मी गात नाही ती अपमान झाला म्हणून. मी ते वाटू दिलं होतं. आता शमूची ती टेप समोर होती, आणि ती अशा पट्टीत होती जिथं जगात फक्त मलाच माहीत होतं की मी गाऊ शकते.

कोरे कार्यक्रमाच्या जागेचं बघायला गेला. मी निघाले तर वहिनी सोबत आल्या. गल्लीत दोन्ही बाजूंना सतारी घासायचा आवाज चालू होता. कोपऱ्यापर्यंत त्या माझ्याबरोबरीनं चालल्या. मग थांबल्या.

"पद्माताई, एक विचारू? रागावू नका."

"विचारा की."

"जयसिंगपूरला मी नव्हते, नाइट ड्यूटी होती. नंतर सगळ्यांनी सांगितलं. माझ्या सासूबाई ह्यांच्याशी वर्षभर धड बोलल्या नाहीत. म्हणायच्या, बाईमाणसाला चारचौघांत असं हाकलतात का? मी ह्यांना किती वेळा विचारलं. एकच उत्तर, ती सांगेल. तुम्ही तर कधी आलाच नाहीत सांगायला." त्यांनी पर्सचा बंद हातात घट्ट धरला होता. "रविवारी लोक ह्यांच्याबद्दल चांगलं बोलतील. पण मागे बसलेले हेच बोलणार, मला माहितीय. मला फक्त खरं कळू दे. त्यांनी तुम्हाला खरंच स्टेजवरून उतरायला सांगितलं होतं?"

मी म्हणाले, "वहिनी, जुनं झालं ते. आता कशाला..."

"जुनं तुमच्यासाठी झालं," त्या म्हणाल्या. रागानं नाही. ड्यूटीवर पेशंटशी बोलतात तशा शांतपणे. आणि स्टँडकडे निघून गेल्या.

मी तिथंच उभी राहिले. एक सतारवाला म्हणाला, "बाई, सावलीत या." मी परत दुकानाकडे वळले.

चाचा डबा उघडून बसले होते. मला बघून त्यांनी अर्धी भाकरी पुढे केली. मी नको म्हणाले.

"चाचा, त्याला कसं कळलं?"

"काय कळलं?"

"तुम्हाला माहीत आहे मी काय विचारते ते."

चाचांनी घास चावून संपवला, पाणी प्यायले. म्हातारा माणूस, घाई कसली. "तुझी शाळेची पेटी दर दिवाळीला इथं येते, शिपाई घेऊन येतो," ते म्हणाले. "कोण दुरुस्त करतं तुला वाटलं?"

"तुम्ही."

"माझे हात कापतात आता पंधरा वर्षं झाली. शमू करायचा. तुझी पेटी आली की दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही." त्यांनी शेजारची एक पेटी ओढून उघडली आणि पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "गाणारा ज्या पट्टीवर सा धरतो ना, तीच सगळ्यात जास्त झिजते. तिची स्प्रिंग ढिली पडते, खालचं कापड बसतं. पेटी बघून सांगता येतं माणूस कुठं गातो. पहिल्या वर्षी तुझी काळी पाच झिजलेली होती. मग दोन वर्षांनी पांढरी सहा. मग काळी चार. शमूनं मला दाखवलं, म्हणाला, चाचा, बघा, पद्मा खाली येतेय. मी म्हटलं, बिचारी. तर माझ्यावरच चिडला. म्हणाला, बिचारी काय, बरोबर येतेय, आवाज वाचवतेय. गेली तीन वर्षं पांढरी पाच. म्हणाला, आता थांबली. आता हिचं गाणं बांधायला हरकत नाही."

मी खाली भुशातच बसले. मला रडायला आलं आणि मी रडले. चाचा डबा बंद करत बसले. चौदा वर्षं मी जे चोरून ठेवलं होतं, ते दर दिवाळीला पेटीत बांधून मीच त्याच्याकडे पाठवत होते. आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. स्वतःच्या बायकोलाही नाही, स्वतःच्या आईनं तोंड फिरवलं तरी नाही.

"तू गाणार का?" चाचांनी विचारलं.

"गायला काय," मी म्हणाले. "गाणं सोपं आहे हो, चाचा."

रविवारी संध्याकाळी पाचला एका शाळेच्या पटांगणात कार्यक्रम होता. चारेकशे माणूस आलं. चर्चवाले एका बाजूला, ब्रास बँडवाले गणवेशात, गोंधळी पुढच्या रांगेत. शमूच्या फोटोभोवती त्याची वाद्यं मांडली होती, सगळी एकत्र, आणि लोक उठून येऊन मोजत होते, अरे हेही वाजवायचा, तेही वाजवायचा. भाषणं झाली. एक जण म्हणाले, स्वभाव थोडा तापट होता पण कलावंत थोर. ऐकताना वहिनींनी मान खाली घातली. मी ते बघितलं.

मग कोरेनं माझं नाव पुकारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या थांबल्यावर कुजबुज झाली. ती कशाची ते मला कळत होतं. मी पायऱ्या चढून वर गेले. चाचा टेपपाशी बसले होते, बोट बटणावर. मी त्यांना हातानं थांबवलं.

माईक माझ्या उंचीला लावून घेतला.

"गायच्या आधी मला एक सांगायचंय," मी म्हणाले. "जयसिंगपूरला शमू मला उतर म्हणाला, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तुमच्यातले काही तिथं होते. तो मला स्टेजवरून उतर म्हणाला नव्हता. पट्टी उतर म्हणाला होता. माझ्या घशाला गाठी झाल्या होत्या, आवाज फाटत होता, वरचा सूर लागत नव्हता. खाली ये, मी सगळ्यांना खाली आणतो, असं त्याला म्हणायचं होतं. आमच्यात उतर म्हणजे तेच. कुठल्याही गाणाऱ्याला विचारा."

कोरे माझ्या मागे उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"आणि मला ते तेव्हाच कळलं होतं," मी म्हणाले. "त्याच क्षणी. माझा गैरसमज झाला नव्हता. लोक हसले आणि मला वाटलं, माझा आवाज गेला हे कळण्यापेक्षा त्यानं मला हाकललं असं झालेलं बरं. म्हणून मी उतरून गेले. कोरेनं विचारलं तेव्हा खरं सांगितलं नाही. नंतर चौदा वर्षं सांगितलं नाही. शमू तापट नव्हता. त्याला सगळं माहीत होतं आणि तो गप्प बसला. मी आता पांढरी पाचला गाते. हे गाणं त्यानं त्याच पट्टीत बांधलंय."

मी चाचांकडे बघून मान हलवली.

"हां, चालू," शमू म्हणाला. "एक, दोन, तीन, चार."

मी गायले. कशी गायले ते मला सांगता येणार नाही. एवढंच सांगते की त्यानं कुठंही माझ्या गळ्याला ओढ बसू दिली नव्हती. जिथं माझा श्वास संपतो तिथं मेंडोलिन येत होतं, जिथं मला टेकायला हवं तिथं पेटी. चाल तेवढीच वर जात होती जिथवर मी पोचते, त्याच्यावर एक सूरही नाही. गाणं संपलं, टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतला एक गोंधळी डोळे पुसत होता. कोरे मात्र पाठ करून उभा होता. तो माझ्याशी पुढे दोन महिने बोलला नाही, आणि ते योग्यच होतं.

माणसं पांगली. मी वहिनींना शोधत होते आणि भीतही होते. त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकट्याच बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बसा," त्या म्हणाल्या.

मी बसले.

"मला वाटलं होतं, खरं कळलं की बरं वाटेल," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर रागवेन, भांडेन, आणि बरं वाटेल." त्या फोटोकडे बघत होत्या. "पद्माताई, लोकांचं सोडा हो. मीसुद्धा त्यांनाच दोषी धरलं होतं. एकदा भांडणात तोंडावर म्हणाले, ज्या माणसानं बाईला भर जत्रेत हाकललं त्यानं मला प्रेमाच्या गोष्टी सांगू नयेत. ते काही बोलले नाहीत. उठून दुकानात गेले. तुमच्या पेटीचं मघाशी चाचांनी सांगितलं मला, त्या दिवशी तीच दुरुस्त करत बसले असतील, कोणास ठाऊक. आता मी माफी कुणाची मागू?"

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण माझा हात धरलाही नाही.

मग त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी सहाला मी कबरीवर जाते. तुम्ही या. आधी तुम्ही सांगा त्यांना. मग मी बोलेन."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसनं मिरजेला गेले. दफनभूमीत आम्ही दोघीच होतो. कबरीवरची माती अजून बसली नव्हती, वर नाव लिहिलेली लाकडी पाटी होती. वहिनींनी झेंडूची फुलं आणली होती, त्यातली अर्धी माझ्या हातात दिली. मी फुलं ठेवली आणि जे काल चारशे माणसांना सांगितलं ते शमूला सांगितलं. माणसांना सांगणं सोपं गेलं होतं. इथं दोनदा थांबावं लागलं. वहिनी शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या.

माझं झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता तुम्ही जरा बाजूला व्हा."

मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. वहिनी गुडघ्यांवर बसल्या, हातानं पाटीवरची धूळ पुसली आणि बोलायला लागल्या. शब्द मला ऐकू येत नव्हते, पण आवाज येत होता. सात वाजले, सव्वासात झाले, रस्त्यावर शाळेची मुलं दिसायला लागली. त्यांची ड्यूटी आठला होती. मी त्यांना हाक मारली नाही. त्यांचं बोलणं संपलेलं नव्हतं.